चोपन्न पायऱ्या आणि लेकीचे माहेर

ठाण्याहून आलेल्या एका पत्रातील मुख्य मजकूर असा आहे:

"मी ७१ वर्षांची आहे, यजमान ७६ वर्षांचे आहेत. नौपाड्यातील तिसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके फ्लॅट आम्ही १९८५ साली घेतला. यजमानांचा पगार आणि माझ्या शिकवण्या यांतून कर्ज फेडले. घर दोघांच्या नावावर आहे. इमारतीला लिफ्ट नाही, पायऱ्या चोपन्न आहेत. यजमानांचे गुडघे आता दाद देत नाहीत. गेल्या दिवाळीपासून ते आठवड्यातून दोनदाच खाली उतरतात. पाचपाखाडीत लिफ्ट असलेल्या इमारतीतील एक वन बीएचके मी पाहून आले. मुलगा पुण्याला असतो. तो म्हणतो, 'आपली सोसायटी पुनर्विकासाला जाणारच आहे, आत्ता विकणं म्हणजे नुकसान. तोवर तुम्ही आमच्याकडे या.' मुलगी ऐरोलीला असते. तिला फोनवर सांगितले तर ती रडायलाच लागली. 'आई, माझं माहेर विकणार तू?' यजमानांना विचारले की ते म्हणतात, 'तुम्ही काय ते ठरवा.' मीच एकटी या विषयाच्या मागे लागले आहे, असे सगळ्यांना वाटते. परवा बँकेतून येताना दुसऱ्या मजल्यावर मला घेरी आली, कठडा धरून बसून राहिले. ते मात्र कोणाला सांगितलेले नाही. मी स्वार्थी आहे का? मुलांना कसे पटवून देऊ?"

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी तीनदा वाचले आणि तिन्ही वेळा त्या घेरीच्या वाक्यापाशी थांबले. मूळ पत्रात यजमानांच्या गुडघ्यांविषयी तुम्ही जवळजवळ पानभर लिहिले आहे. डॉक्टर काय म्हणाले, कोणते तेल लावता, जिना उतरताना ते कोणता पाय आधी टाकतात, हे सारे त्यात आहे. स्वतःविषयी मात्र एवढे एकच वाक्य, आणि तेही शेवटी, जाता जाता. म्हणून सर्वांत आधी एक विनंती करते. घराचा विषय आठवडाभर बाजूला ठेवा आणि त्या घेरीसाठी डॉक्टरांकडे जाऊन या. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, जे काही तपासायचे असेल ते तपासून घ्या आणि या वेळी मुलीला बरोबर न्या. आईला दुसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून बसावे लागले होते, हे मुलांना ठाऊकच नसेल, तर त्यांच्या दृष्टीने तुमचा सारा आग्रह अकारण आहे, आणि त्यात त्यांचा फारसा दोषही नाही.

तुम्ही स्वार्थी नाही. आपल्याला झेपेल असे घर मागणे यात स्वार्थ कसला? स्वतःच्या कमाईतून घेतलेले आणि दोघांच्या नावावर असलेले घर विकायचे की ठेवायचे, हा निर्णय कायद्यानेही तुम्हा दोघांचाच आहे. तुमच्या हयातीत मुलांचा त्यावर हक्क नसतो. मुलगा किंवा मुलगी हक्काची भाषा करत आहेत म्हणून मी हे सांगत नाही, तसे तर पत्रात कुठेही दिसत नाही. मुलांनी होकार दिल्याशिवाय पाऊल उचलताच येणार नाही, ही जी समजूत तुम्ही मनाशी धरली आहे, ती सैल व्हावी एवढ्यासाठी सांगते. मुलांना विश्वासात घ्यायचे, त्यांचे म्हणणे पुरते ऐकून घ्यायचे आणि त्यात तथ्य असेल तर बेतात बदलही करायचा. परवानगी मात्र मागायची नाही. तुमच्या पत्रातील "कसे पटवून देऊ" हा प्रश्न मुलांच्या बाबतीत मला दुय्यम वाटतो. ज्यांना खरोखर पटायला हवे, ते तुमच्याच घरात, समोरच्या खुर्चीत बसलेले आहेत.

"तुम्ही काय ते ठरवा" याला संमती समजू नका. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, लोकलचे धक्के खात, हप्ते फेडत ज्या माणसाने ठाण्यात स्वतःचे घर केले, त्याच्यासमोर गेले काही महिने घर सोडण्याचा विषय निघतो तो दर वेळी त्याच्याच गुडघ्यांपासून. आपल्यामुळे हे घर जाणार, असेच त्यांना ऐकू येत असणार. अशा वेळी माणूस भांडत नाही, गप्प होतो, कारण विरोध करावा तर बायकोचे हाल दिसतात आणि होकार द्यावा तर स्वतःचे अपंगत्व स्वतःच्या तोंडाने कबूल केल्यासारखे होते. म्हणून त्यांच्या गुडघ्यांचा विषय आता सोडून द्या. दुपारचा चहा झाल्यावर, टीव्ही बंद असताना आणि मुलांपैकी कोणी फोनवर नसताना, त्यांना तुमच्याविषयी सांगा. "मला आता हे जिने झेपत नाहीत. परवा मला घेरी आली होती, मी तुम्हाला बोलले नाही. मला भीती वाटते." एवढेच बोला आणि थांबा. पाचपाखाडीचा फ्लॅट, किंमत, एजंटचा फोन यांतले काहीही त्या दिवशी काढू नका. ते लगेच उत्तर देणार नाहीत, कदाचित दोन दिवस काहीच बोलणार नाहीत. तो वेळ त्यांना द्या.

त्यानंतर त्यांना काम द्या. तुमच्या पत्रावरून दिसते की सोसायटीचे हिशेब त्यांनी अनेक वर्षे सांभाळले आहेत. अशा माणसाला नवा फ्लॅट नुसता नेऊन दाखवला तर तो पाहुण्यासारखा उभा राहील. कागद हातात दिले तर चष्मा लावून बसेल. नव्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र (राहण्यास योग्य असल्याचा पालिकेचा दाखला, ओसी) आहे का, सोसायटीच्या नावे जमिनीचे अभिहस्तांतरण (मालकी नावावर होणे, कन्व्हेयन्स) झाले आहे का, विकणाऱ्याकडे शेअर सर्टिफिकेट आणि आधीचे सर्व नोंदणीकृत करारनामे आहेत का, मेंटेनन्सची थकबाकी किती, पाणी किती वाजता येते, ही सारी चौकशी त्यांच्यावर सोपवा. लिफ्टची पाहणीही त्यांनाच करू द्या. तिला जनरेटरची जोड आहे का, स्ट्रेचर आत मावेल का आणि मुख्य म्हणजे लिफ्टच्या दारापर्यंत पोचायला आधी चार-पाच पायऱ्या चढाव्या लागतात का, हे तुम्हा दोघांपैकी कोणीतरी पाहिलेच पाहिजे. ठाण्यात अशा कितीतरी इमारती आहेत की जिथे लिफ्ट आहे पण ती चौथ्या पायरीनंतर सुरू होते, आणि ज्याच्यासाठी ती घेतली तो माणूस खालीच अडतो.

तरीही त्यांचे मन तयार होत नसेल, तर एकदम विक्रीचे बोलू नका. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स कराराने पाचपाखाडीतच लिफ्टचे घर भाड्याने घ्या आणि नौपाड्याचे घर कुलूप लावून ठेवा किंवा भाड्याने द्या. करार मात्र दोन्हीकडे नोंदवलेलाच हवा, महाराष्ट्रात ते बंधनकारक आहे. भाड्याचे पैसे वाया जातील असे मुलगा म्हणेल. मला तसे वाटत नाही. चाळीस वर्षांची सवय मोडण्याआधी अकरा महिने तिची परीक्षा घेता येणे, याची किंमत भाड्यापेक्षा मोठी आहे. रोज संध्याकाळी खाली उतरून तलावपाळीला एक फेरी मारता येते, मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन स्वतःच्या हाताने पुस्तक बदलून आणता येते, हे त्यांनी दोन-तीन महिने अनुभवले, तर पुढचे बोलणे तुम्हाला करावेच लागणार नाही. आणि नाहीच करमले, तर आपले घर आहेच. तुम्ही घोडबंदर रोडचे मोठे आणि तुलनेने स्वस्त फ्लॅट सोडून पाचपाखाडीच पाहिलीत, हे मला फार योग्य वाटते. या वयात डॉक्टर, बँक, औषधाचे दुकान आणि ओळखीचा रिक्षावाला यांपासून लांब जाऊन मिळणारी जास्तीची खोली उपयोगाची नसते.

आता मुलीविषयी. तिच्या रडण्याने तुम्ही दुखावल्या आहात, पण ही बातमी तुम्ही तिला फोनवर दिलीत, आणि तीही ती ऑफिसातून परतत असताना. ऐरोलीहून ठाणे म्हणजे लोकलचे दुसरेच स्थानक. तिला एका रविवारी घरी बोलवा, जमल्यास एकटीलाच, आणि तिच्या आवडीचे काहीतरी करा. माहेर विकणार का, या तिच्या प्रश्नात मला तीन-चार अगदी साधे प्रश्न ऐकू येतात. मुलांना सुट्टी लागली की आम्ही येऊन झोपायचे कुठे? माझ्या लग्नाआधीच्या वस्तू, प्रमाणपत्रे, पेटीतल्या साड्या यांचे काय? गौरी-गणपती कुठे बसणार? आणि उद्या तुमच्यापैकी एकजण राहिले तर मी कुठे यायचे? या प्रश्नांना "अगं, होईल सगळं व्यवस्थित" हे उत्तर पुरत नाही. तिला घेऊन नव्या फ्लॅटमध्ये जा, हॉलमध्ये उभे राहून मापे घ्या, रात्री गाद्या कुठे पडतील ते दाखवा, मखर कोणत्या भिंतीला लागेल ते तिलाच ठरवू द्या. वन बीएचकेमध्ये चार माणसे दाटीवाटीने झोपतात, हे तुमच्या पिढीला सांगायला नको. तिलाही ते आठवत असेल.

गणपतीचा प्रश्न मात्र वेगळा काढून सगळ्यांनी मिळून बोलावा असा आहे, कारण अनेक घरांत माणसे घर विकायला नाही म्हणतात तेव्हा मनात गणपतीची जागा असते आणि ती कोणी बोलून दाखवत नाही. यंदाचा गणपती जुन्याच घरात बसवावा, सर्वांनी यावे आणि पुढच्या वर्षी तो पाचपाखाडीला बसवायचा की पुण्याला मुलाकडे, हे त्याच दिवसांत ठरवावे. सुनेचे मतही त्यात विचारा. उद्या नैवेद्याची जबाबदारी तिच्याकडे जाणार असेल, तर ती तिला विचारून जायला हवी.

मुलाच्या म्हणण्यात तथ्य आहे, ते झटकून टाकू नका. नौपाड्यातील तीस-चाळीस वर्षांच्या इमारती आज ना उद्या पुनर्विकासाला जाणार, आणि विकासकाशी करार झालेल्या इमारतीतील फ्लॅटला चांगला भाव येतो, हे खरेच आहे. पण "जाणारच आहे" आणि "गेली" यांत किती वर्षे जातात, ते सोसायट्यांच्या सभांना बसलेल्या माणसाला विचारा. मुलाला तीन गोष्टींची माहिती काढायला सांगा. सर्वसाधारण सभेत पुनर्विकासाचा ठराव ५१ टक्के सभासदांच्या लेखी संमतीने झाला आहे का? प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार नेमला आहे का? विकासक निवडून त्याच्याशी विकास करारनामा नोंदवला गेला आहे का? तिन्हींची उत्तरे "हो" असतील तर आत्ता विकू नका, असेच मीही म्हणेन. मग भाड्याच्या घराचा पर्याय धरा, विकासकाकडून भाडेही मिळेल आणि घर तयार झाले की ते विकायचे की राहायचे ते पाहता येईल. उत्तर नुसते "चर्चा चालू आहे" असे आले, तर तुमच्या वयाला त्या चर्चेसाठी थांबणे परवडणारे नाही. वाढीव चौरस फुटांचा फायदा मुलांना होईल, त्या चोपन्न पायऱ्या मात्र रोज तुम्हाला चढायच्या आहेत. हे मुलाला याच शब्दांत सांगायला हरकत नाही, फक्त आवाज चढवू नका.

पुण्याला जाण्याविषयी थोडक्यात लिहिते. मुलगा-सून मनापासून बोलावत आहेत, तर वर्षातून महिना-दोन महिने अवश्य जा. पण आपले घर विकून, पैसे बँकेत ठेवून मुलाच्या घरी कायमचे राहायला जाणे, हे तुम्ही दोघांनी स्वतःहून मागितलेले नसेल तर करू नका. दोन्ही घरांची गोडी टिकवायची असेल तर तुमच्या घराची किल्ली तुमच्याच कमरेला असलेली बरी.

पैशांच्या बाबतीत मुलांसमोर सर्व आकडे मांडा, लपवू नका. नवे घर निश्चित होऊन टोकन दिल्याशिवाय जुन्याचा ताबा सोडू नका. १९८५ चे घर विकताना भांडवली नफा, म्हणजे विक्री आणि खरेदीच्या किमतींतला फरक, काढायचा, तर खरेदीची किंमत म्हणून १ एप्रिल २००१ रोजीचे बाजारमूल्य धरता येते. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा दाखला घ्या. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी भारतीयांना महागाई निर्देशांक (खरेदीची किंमत महागाईनुसार वाढवून धरण्याचा आकडा) न लावता १२.५ टक्के किंवा निर्देशांक लावून २० टक्के, यांपैकी कमी पडेल तो कर भरण्याची मुभा आहे. नफ्यातील जेवढी रक्कम दोन वर्षांच्या आत दुसरे राहते घर घेण्यात जाईल तेवढ्यावर कर लागत नाही आणि उरलेल्यातील ५० लाखांपर्यंत रक्कम सहा महिन्यांच्या आत ठराविक सरकारी रोख्यांत गुंतवून तिच्यावरचाही कर वाचवता येतो. हे सर्व एखाद्या सनदी लेखापालाकडून, विक्रीचा करार करण्याआधी समजून घ्या, नंतर नव्हे. नवे घर फक्त स्त्रीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते आणि एजंट ती आवर्जून सांगतो, पण तेवढ्यासाठी यजमानांचे नाव वगळू नका. त्यांच्या मनाची आत्ताची अवस्था पाहता ती बचत फार महाग पडेल.

उरलेले पैसे मुलांत आत्ताच वाटून टाकू नका. औषधपाणी, मदतीला बाई, कधी गरज पडली तर रात्रीची नर्स, हे सर्व त्यातूनच व्हायचे आहे. ज्याला जे द्यायचे ते मृत्युपत्रात लिहा. मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. दोन साक्षीदारांसमोर सही मात्र हवी, आणि साक्षीदार शक्यतो लाभार्थ्यांपैकी नसावेत. सोसायटीत नामनिर्देशन (नॉमिनेशन) केले म्हणजे मालकी ठरली असे होत नाही, हेही मुलांना आत्ताच सांगून ठेवा. आणि पुढेमागे घर एखाद्याच्या नावे बक्षीसपत्राने करावेसे वाटलेच, तर आमचा सांभाळ करण्याच्या अटीवर देत आहोत, हे त्यात लिहिलेले असू द्या. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याने, अशी अट मोडली गेल्यास बक्षीसपत्र रद्द करून घेता येते. तुमच्या मुलांवर अविश्वास दाखवण्यासाठी मी हे लिहीत नाही. पण कागद नीट असला की भावंडांत पुढे प्रश्न उरत नाहीत.

आता सामानाविषयी, कारण मला सर्वांत अधिक काळजी त्याची वाटते. बारा वर्षांपूर्वी आम्ही माझ्या सासूबाईंना डोंबिवलीच्या जुन्या घरातून आमच्या जवळ, लहान घरात आणले. आम्ही सारे नोकरीवाले. एका शनिवार-रविवारात घर रिकामे केले. त्या खुर्चीत बसून होत्या आणि आम्ही "हे हवं का, हे टाकू का" असे विचारत होतो, उत्तराची वाटही न पाहता. फडताळाच्या खालच्या कप्प्यात दुधाच्या हिशेबाच्या वह्यांचा गठ्ठा होता, तो मी रद्दीत दिला. पुढे काही महिन्यांनी त्यांनी एक वही मागितली. माझ्या मुलाच्या जन्माच्या दिवशी दुधाच्या रकान्याशेजारी त्यांनी त्याचे वजन आणि वेळ लिहिली होती. त्यांच्या पाचही नातवंडांची तशीच नोंद त्या वह्यांत होती. मी त्यांना खरे ते सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त "बरं" म्हणाल्या. त्या आज नाहीत, पण तो "बरं" माझ्या कानातून गेलेला नाही.

म्हणून तुमच्या घरी हे काम दोन दिवसांत उरकू नका, तीन-चार महिने घ्या. आठवड्याला एकच कपाट किंवा एकच कप्पा. पितळी डबे आणि घंगाळ घाईने मोडीत घालू नका. मुलीला, सुनेला, नातीला आधी विचारा आणि ज्या वस्तूची काही हकीकत असेल ती देतानाच सांगा. जुन्या साड्या बोहारणीला घालण्याआधी मुलीकडून एकदा पाहून घ्या. नव्या घरात जाईल एवढेच सामान एका खोलीत वेगळे काढून महिनाभर फक्त त्याच्यावर चालवून बघा, म्हणजे काय लागते आणि काय नुसते आहे म्हणून आहे, ते यजमानांनाही दिसेल. त्यांच्या टेबलाला आणि त्यावरच्या फायलींना मात्र कोणी हात लावू नये. ते टेबल नव्या घरात जागा अडवेल, तरीही न्यावे, आणि खिडकीजवळ ठेवावे.

माळ्यावरचे सामान सर्वांत शेवटी काढा. स्टुलावर तुम्ही चढू नका आणि यजमानांनाही चढू देऊ नका. मुलाला सांगा, "माळा तुझ्यासाठी ठेवला आहे, दोन दिवस रजा काढून ये." त्याच्या पतंगाच्या फिरक्या आणि शाळेच्या वह्या वरच आहेत असे तुम्ही लिहिले आहे. त्या त्यालाच खाली काढू द्या.